ज्यांच्याकडे अजून कुणी गेलं नाही

२ मार्च, रविवार

"तू विचारतेस छान, पण उत्तराला थांबत नाहीस."

ताई म्हणाली होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. ती तेव्हा एका कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची आणि शाळा सुटली की मी तिच्या टेबलाखाली. आई गेल्यापासून माझी जागा तीच. वर ताईचे हात सतत चालू – इथली वायर काढ, तिथे खोच. मी विचारलं, ताई, कुणाला कुणाशी जोडायचं हे तुला कसं कळतं? ती सांगायला लागली, तोवर मी दुसरं विचारलं – या भोकात बोट घातलं तर काय होईल? तेव्हा म्हणाली. रागाने नाही. वायर खोचता खोचता.

आज आठवलं, कारण फोनवर बोलता बोलता ती मधेच थांबली. "झालं तुझं विचारून?" म्हणाली. हो म्हटलं. "मग ठेव." ठेवला.

गुडघ्याचं काहीतरी सांगत होती. डॉक्टर काहीतरी म्हणालेत. काळजी घे म्हटलं. समोर कोड उघडं होतं, एक डोळा तिकडे.

४ मार्च, मंगळवार

आज मीटिंगमध्ये संचालकबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही भाषा आता आपल्या संस्थेचा कणा झाली आहे. मी मान खाली घातली. आनंदाने लाजायची सवयच गेली होती – शेचाळिसाव्या वर्षी कान गरम झाले!

आमचं काम तसं साधं. ऑपरेशन होऊन घरी सोडलेल्या माणसांकडे सिस्टर पाठवायच्या. ड्रेसिंग, टाके, इंजेक्शनं, व्यायाम. कुणाकडे कधी कोण गेलं ते सगळं डेटाबेसमध्ये असतं. पण त्याला काही विचारायचं तर त्याच्या भाषेत विचारावं लागतं, आणि ती येते फक्त मला आणि काकाला. (काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. वय चौतीस, पण गळ्यात मफलर आणि खणात पचनाच्या गोळ्या.) पूर्वी हेड सिस्टर रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या – मॅडम, जरा एवढं काढून द्या ना. त्यांना उभं राहावं लागतं याचंच मला वाईट वाटायचं. म्हणून दोन वर्षं खपून ही छोटी भाषा केली. आता त्या आपल्याच शब्दांत लिहितात – "रुग्ण, ज्यांची शेवटची भेट आठवड्यापूर्वीची". माझा कंपायलर ते वाक्य सुटं करतो, शब्दांचं एक झाड उभं करतो – कोणता शब्द कोणाला धरून आहे ते दाखवणारं – आणि त्या झाडावरून डेटाबेसला समजेल असा प्रश्न लिहून देतो. उत्तराची यादी थेट हेड सिस्टरांच्या पडद्यावर. नावं त्यांना दिसतात. मला नुसते नंबर.

जानेवारीपासून सगळ्या भेटी या यादीवरूनच ठरतात. त्याआधी यादी यायला फार वेळ लागायचा, ते मी नोव्हेंबरातच दुरुस्त केलं होतं. आज हेड सिस्टर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "आता चहा गरम असतानाच यादी येते." सगळे हसले. मला ते वाक्य घरी घेऊन यावंसं वाटलं. आणलं.

९ मार्च, रविवार

ताईला फोन. हा आठवडा मी नाहीये म्हणाली, आता पुढच्या रविवारीच कर. जुन्या मैत्रिणींबरोबर कुठे जात असेल. बरंय. फिरू दे जरा.

१२ मार्च, बुधवार

"आणि" व "किंवा" यांचं भांडण मिटलं! कंस न घालता लिहिलं तरी झाड सरळ उभं राहतं. मोठ्याने हसले. ऐकायला घरात मी आणि फ्रिज.

१६ मार्च, रविवार

ताईकडे मागे टीव्ही केवढा मोठा! कुणीतरी कुणाला हाका मारतंय, चाकं खडखडतायत. कमी कर की, म्हटलं. "माझ्या हातात नाही ते," म्हणाली.

औषधं घेतेस? हो. जेवतेस? हो. झोप? हो. ठेवला.

२३ मार्च, रविवार

ताई म्हणाली, कुणीतरी येणार होतं ते अजून आलंच नाही, आठवडा झाला. मी म्हटलं, ही माणसं अशीच असतात, दुसरा बघ. "दुसरा?" म्हणाली. हो, एकाच नळवाल्याच्या भरवशावर राहू नकोस, म्हटलं. ती हसायला लागली. का हसली कळलं नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, विचारायला हवं होतं.

जाऊन यायला हवं का? दोन बस बदलून जावं लागतं, पण गाव तर एकच. खरं सांगायचं तर बस हे कारण नाही. मागच्या खेपेला गेले होते तेव्हा आल्या आल्या मी तिचा फ्रिज उघडला. शिळं काय काय आहे ते बघितलं. गोळ्यांच्या पट्ट्यांवरच्या तारखा बघितल्या. पायपुसणं सरळ केलं. ती खुर्चीवर बसून सगळं बघत होती. म्हणाली, "तू भेटायला येत नाहीस, तपासायला येतेस. आता बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

दोन वर्षं होत आली. तिने बोलावलं नाही. आणि मी – इथे तरी खरं लिहावं – मी सुटल्यासारखीच झाले. फोन सोपा असतो. तोंड दिसत नाही.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी हेड सिस्टर आल्या. कितीतरी महिन्यांनी माझ्या टेबलाशी उभ्या. हातात चहा नव्हता.

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्यांच्या शेजाऱ्याने काल खांद्यावर टाकून हॉस्पिटलात आणलं. मधुमेह, पायाची जखम. ऑपरेशन करून घरी सोडून तीन आठवडे झाले आणि आमच्यातलं एक माणूस त्यांच्याकडे गेलेलं नाही. जखम काळी पडली आहे. दोन बोटं जाणार. पाऊल राहील की नाही ते नंतर.

हेड सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मी रोज विचारलं. ज्यांची शेवटची भेट आठवड्यापूर्वीची, ते सगळे दाखव. रोज विचारलं. हे आजोबा एकदाही आले नाहीत."

मी म्हटलं, बघते.

दुपारी बघितलं. दहा मिनिटांत दिसलं. तेवढंच होतं ते.

२६ मार्च, बुधवार

नीट लिहून काढते, म्हणजे कुठे पळता येणार नाही.

दोन टेबलं आहेत. एक रुग्णांचं, एक भेटींचं. ती जोडायच्या दोन तऱ्हा. सैल जोडलं तर ज्याच्याकडे कुणी गेलेलं नाही तोही यादीत राहतो, त्याच्यापुढे नुसती रिकामी जागा असते. घट्ट जोडलं तर ज्याला पलीकडच्या टेबलात जोडीदार नाही तो गळून जातो. सैल जोडीला वेळ लागतो. यादी उशिरा यायची ती त्यामुळेच. म्हणून नोव्हेंबरात मी कंपायलरला शिकवलं – प्रश्नात "शेवटची भेट" आली की सरळ घट्ट जोड. वर एक शेरा लिहून ठेवलाय, अजून तिथेच आहे. "भेटच नसेल तर शेवटची भेट कुठून? उत्तरात फरक पडत नाही."

आणि फरक पडत नाहीच! हेच तर. रिकामी जागा आठवड्यापूर्वीची आहे का, असं डेटाबेसला विचारलं तर तो हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. माहीत नाही म्हणतो. आणि ज्याच्याबद्दल माहीत नाही, तो यादीच्या बाहेर. सैल जोडलं असतं तरी आजोबा आले नसते. तर्क अगदी बरोबर होता. त्या तर्कावर मी तेव्हा खूश होते. काकाला बोलावून दाखवला होता.

शनिवार-रविवारी घरी सोडलेले तेवढे सुटले. इतर दिवशी आमची एक सिस्टर हॉस्पिटलातच पेशंटला भेटते आणि ती पहिली भेट म्हणून नोंदली जाते. शनिवार-रविवारी ती नसते. त्यांना यादी पकडेल, असं जानेवारीत ठरलं. कोणाच्या भरवशावर? माझ्या.

हेड सिस्टरांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी माणसं विचारली होती. तुमच्या मशीनने भेटी बघितल्या." त्यात टोमणासुद्धा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काका म्हणाला, मॅडम, कंपायलरने केलं ते, तुम्ही कुठे. मी म्हटलं, कंपायलर कुणी केला? तो मफलर नीट करायला लागला.

२७ मार्च, गुरुवार

दुरुस्त केलं. आता भाषेत "शेवटची भेट आठवड्यापूर्वीची" म्हटलं की झाडाला आणखी एक फांदी आपोआप फुटते – किंवा ज्यांच्याकडे अजून कुणी गेलं नाही. दोन वर्षांच्या कामात एवढी एक फांदी कमी होती.

चालवून बघितलं. नंबरांची एक रांग पडद्यावर आली. सगळे सुटलेले. मी वाचले नाहीत. हेड सिस्टर आत्तापर्यंत फोनवर आहेत, सगळ्या सिस्टरांना वाटून देतायत. उद्या-परवात प्रत्येकाकडे कुणीतरी जाईल.

पण ही चूक आधी कशी दिसली नाही? चाचणी तर मी रोज घेत होते. त्यासाठी खोटी माणसं केली होती – खोटे रुग्ण, खोट्या भेटी. आज ती माणसं उघडून बघितली आणि कळलं.

किती प्रेमाने केली होती ती! गंमत म्हणून ओळखीची माणसं घेतली. शाळेतल्या गणिताच्या बाई – मोतीबिंदू. कोपऱ्यावरचा छत्री दुरुस्त करणारा – हर्निया. मामा – अपेंडिक्स. आणि सगळ्यात पहिली रुग्ण ताई. तिला गुडघा दिला होता, कारण तेवढंच तिचं दुखणं मला माहीत होतं. आणि प्रत्येकाला भेटी वाटल्या. कुणाला दोन, कुणाला पाच. ताईला सगळ्यात जास्त – एक दिवसाआड सिस्टर!

एकालाही रिकामं ठेवलं नाही. लिहिताना वाटलं होतं ते आठवतंय मला. गणिताच्या बाईंपुढे शून्य घालायला हात होईना. खोट्या बाई त्या, नुसती एक ओळ. तरी वाटलं, घरी पडून आहेत आणि कुणीच येत नाही? नको. म्हणून एक भेट दिली त्यांना. पुढे कुणाला शून्य द्यायचं डोक्यातच आलं नाही.

म्हणजे माझ्या जगात एकटं माणूसच नव्हतं. कंपायलरने ते जग बघितलं, त्यावर पास झाला. मग खऱ्या जगात गेला.

ही माझी माया. लाज वाटते लिहायला. अशी माया – जी खोट्या माणसांकडे सिस्टर पाठवते.

संध्याकाळी संचालकबाईंची सूचना आली. "तांत्रिक अडचणीमुळे काही भेटी लांबल्या. अडचण दूर करण्यात आली आहे." मी आत गेले. म्हटलं, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, "अहो, असं कसं? उद्या तुम्ही मनाला लावून घेऊन काम सोडाल. मशीनमध्ये व्हायचंच." पाठीवरून हात फिरवला. चॉकलेट दिलं.

कुणी रागावेना. जो तो मला सांभाळून घेतोय. चॉकलेट पर्समध्ये आहे. खाववत नाही, टाकवतही नाही.

तांत्रिक अडचण म्हणजे मी.

२८ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हर आजोबांना भेटायला गेले. मनात सगळं पाठ करून. मी त्या संस्थेत आहे, यादी मी करते, चूक माझी, क्षमा करा.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पायाशी चादरीखाली तारेचा पिंजरा, चादर पायाला लागू नये म्हणून. मी ओळख सांगितली. त्यांनी मान वळवली. "दाढीवाला पाठवलाय का तुम्ही?" नाही, म्हटलं, मी यादीची. "मग दाढीवाला कधी?" मी क्षमा करा म्हणायला लागले. त्यांनी हात हलवला, जशी वाटेतली सायकल बाजूला करतात तसा. म्हणाले, आधी दाढीचं बघा, तीन आठवडे खाजतंय.

खाली जाऊन चौकशी केली. हॉस्पिटलचा न्हावी सोमवारी येतो. वर जाऊन सांगितलं. "सोमवारी," ते म्हणाले. "बरं. तुम्ही आलात म्हणून कळलं तरी." मग परत भिंतीकडे.

क्षमा अर्धीच तोंडात राहिली. दाराशी आल्यावर कळलं, मी त्यांना पायाचं काहीच विचारलं नाही. त्यांच्यासाठी नव्हतेच गेले. स्वतःला हलकं करायला गेले होते.

डॉक्टर म्हणतात पाऊल राहील.

३० मार्च, रविवार

ताईला फोन. आज बराच वेळ वाजत राहिला, ठेवणार होते तेवढ्यात उचलला. धापा टाकत होती. "आलं बाई एकदाचं माणूस," म्हणाली. कोण? माझ्या डोक्यात आजोबांचा पाय होता. हां, नळवाला. बरं झालं म्हटलं, गळत होतं ना? "हो," म्हणाली, "जरासं गळत होतं." आणि पुन्हा तसंच हसली.

मला तिला आजोबांचं सांगायचं होतं. सगळं सांगून रडायचं होतं. पण ताईला काय सांगू? गेली दोन वर्षं दर रविवारी हिला मी या भाषेचंच कौतुक ऐकवलंय. ती बिचारी हं हं करायची. "तुझं यंत्र कसं आहे?" असं तीच आठवणीने विचारायची.

आजही विचारलं. ठीक आहे म्हटलं.

३१ मार्च, सोमवार

दुपारपासूनचं क्रमाने लिहिते.

दुपारी डबे उघडले होते. बुटकी सिस्टर यादीतून सुटलेल्यांकडे शनिवारी जाऊन आली होती, ती सांगत होती. तिची सांगायची तऱ्हा मोठी गमतीची, हातवारे करून, आवाज काढून. गेले चार दिवस सगळे सुतकात असल्यासारखे, म्हणून मुद्दामच जास्त रंगवत असेल.

म्हणाली, "एक बाई भेटली, काय सांगू! तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघा बदललाय. वॉकर ठोकत दारात आली आणि मला म्हणते, 'या, नळवाले.' मी म्हटलं, बाई, मी सिस्टर. तर म्हणते, 'माहितेय हो, आमच्याकडे सिस्टरला नळवाले म्हणतात.'"

सगळे हसले.

"मग मी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर म्हणाली, 'रविवारी एक बहीण असते. चहा निवेपर्यंत.'"

मीही हसले. आधी हसले. तोंडात घास होता. मग कळलं.

बाकी तिने काय काय सांगितलं ते मी कसं ऐकलं कोण जाणे, पण ऐकलं. भिंतीवर खिळ्याला जुना, डोक्यावरून कानाला लावायचा ऑपरेटरचा फोन टांगलाय. तिने विचारलं तर बाई म्हणाली, आयुष्यभर लोकांना जोडून दिलं, त्याची खूण. टाके तसेच होते. थोडं पाणी येत होतं जखमेतून, ते काही विशेष नाही. पण दोन आठवडे व्यायाम करून घ्यायला कुणी नाही, त्यामुळे गुडघा वाकत नाही. "आता वाकवायला बसलं तर जीव जाईल दुखून. आणि पूर्ण वाकेल असं मी काही सांगू शकत नाही," बुटकी म्हणाली. आवाज नेहमीचा झाला तिचा. "बाई मात्र एकदाही कण्हली नाही."

काकाने विचारलं, मॅडम, पाणी देऊ का?

सोळा तारखेचा रविवार. टीव्ही नव्हता तो. ती हॉस्पिटलात होती, घरी जायला तयार होऊन बसलेली, आजूबाजूला ट्रॉल्या खडखडतायत. तिथून तिने माझा फोन उचलला. मी म्हटलं, कमी कर. आणि रविवारी घरी सोडलेली – म्हणून यादीबाहेर. शेरा माझ्या हातचा. उत्तरात फरक पडत नाही.

आणि काल "गळत होतं ना?" म्हणून विचारलं तिला मी. मी!

अर्धी रजा टाकून घरी आले. फोन हातात घेऊन बसलेय. लावायचं धाडस होत नाही. काय बोलू? आजवर तिच्याशी प्रश्नांशिवाय दुसरं काही बोललेच नाही. तिने मला सांगितलं का नाही, असं मनात आलं आणि त्याची लगेच लाज वाटली. सांगितलं होतं. दर रविवारी थोडं थोडं सांगितलं होतं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी फोन लावला. "आज मंगळवार," ताई म्हणाली. "कोण गेलं?"

मी काही विचारलं नाही. तिला कळलं असणार की मला कळलंय. मग म्हणाली, "हॉस्पिटलवाले दुसऱ्या संस्थेत नाव घालत होते, चिमे. मीच म्हटलं, नाही, इथे घाला. म्हटलं, तुझी यादी. यादीत मी दिसले की तू येशीलच. मला बोलवायला जमत नव्हतं ना." आणि मग नेहमीच्या आवाजात – "आता सिस्टर येते रोज. तू येऊ नकोस उगाच."

तिच्या दारापुढच्या पायरीवर बसून लिहितेय. आत वॉकरची ठकठक. थांबते, परत सुरू होते.

नकोच म्हणेल. तरी बेल वाजवून विचारते. ताई, मला नुसतं बसू देशील?